कमानीच्या झाकणाआतली ओळ

कुजलेल्या ग्रीसचा वास ज्याने घेतला नाही त्याने जुन्या ग्रामोफोनवरच्या प्रेमाच्या गप्पा मारू नयेत, असं काजळीचं स्पष्ट मत होतं, आणि ते ती कुणालाही, न विचारता, ऐकवायची. वरून बघावं तर पॉलिश, मखमल, चकचकीत हँडल. पण वरची फळी उचला, मोटर बाहेर काढा, कमानीची, म्हणजे स्प्रिंगची, डबी उघडा, की आतून जे निघतं ते डांबरासारखं काळं, कानातल्या मळासारखं चिकट, आणि वास म्हणाल तर बंद पेटीत उंदीर मरून महिना झाल्याचा. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी कुणीतरी भरलेलं ग्रीस ते. त्यात पुढच्या प्रत्येक मालकाने आपापल्या अकलेची भर घातलेली. कुणी केसांचं तेल ओतलेलं, कुणी शिलाई मशीनचं, एका महाभागाने तर सर्दीचं मलम. हे सगळं आटतं, कमानीच्या वेढ्यांत दगड होऊन बसतं, आणि मग तबकडी वाजता वाजता यंत्राच्या पोटातून 'धप्प' असा आवाज येतो आणि गाणं ठेचकाळतं. लोक म्हणतात, जुनी वस्तू आहे, चालायचंच. या वाक्याची काजळीला शिसारी यायची.

काजळी हे नाव गल्लीने ठेवलेलं, तिच्या नखांवरून. समोर कुणी म्हणायची छाती नव्हती, पण तिला ते माहीत होतं आणि तिची काही तक्रार नव्हती. खरं नाव आता फक्त वीजबिलावर उरलं होतं. वडील घड्याळजी. त्यांच्या हाताखाली ती आधी घड्याळं शिकली, मग चावीच्या ग्रामोफोनच्या मोटरी. वडील गेले, घड्याळं बॅटरीची झाली, मोटरी तेवढ्या राहिल्या. तेहतीस वर्षं ती दुकानाच्या मागच्या खोलीत बसून तेच करत होती. खोलीला खिडकी नाही, एक झरोका. एक टेबल, एक शिकंजा, रॉकेलचे दोन डबे, भिंतीला टांगलेले लोखंडी आकडे. कमान म्हणजे बोटभर रुंद पोलादी पट्टी, सरळ केली तर भिंतीपासून भिंतीला पुरेल एवढी लांब, आणि ती गुंडाळून वाटीएवढ्या डबीत कोंबलेली. काढताना जरा हात ढिला पडला की ती सापासारखी उसळते आणि कातडं सोलून नेते. काजळीच्या डाव्या अंगठ्याला याच्या तीन खुणा होत्या.

पुढे काउंटरवर धाकटा भाऊ बसायचा. इस्त्रीचा शर्ट, केसांना भांग, जिभेवर साखर. मागच्या खोलीत यायची वेळ आलीच तर नाकाला रुमाल लावून यायचा. तेहतीस वर्षांत रुमाल बदलले, सवय नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "साहेब, तुमच्या हातात जादू आहे हो," आणि साहेब आपले पांढरेशुभ्र हात काउंटरवर ठेवून लाजायचे. मागे काजळी रॉकेलात कोपरापर्यंत बुडालेली असायची आणि ऐकायची. सुरुवातीला तिचं पित्त खवळायचं. मग तिने ठरवून टाकलं, की कौतुकाच्या मागे लागणाऱ्यांनी काउंटरवर बसावं. मोटरला कळतं कुणाचा हात आहे, तेवढं पुरे.

मोटरला कळायची सोयही होती. या कामात एक जुनी रीत आहे. कमानीची डबी बंद करण्याआधी कारागीर झाकणाच्या आतल्या बाजूला टोकदार सुईने एक ओळ कोरतो. काय बिघडलं होतं, काय केलं, आणि साल. मालकाला ती कधीच दिसत नाही. ती असते पुढच्या कारागिरासाठी, जो कदाचित अजून जन्मलाही नसेल. काजळीने अशा कितीतरी ओळी वाचल्या होत्या. 'नवी कमान. मालक घाईचा.' 'टोकाचं भोक फाटत आलंय, ओढू नकोस.' एका डबीत नुसतंच होतं, 'माझं बोट गेलं, तुझं सांभाळ.' या माणसांना ती भेटली नव्हती, पण गल्लीतल्या कुणाहीपेक्षा तिला ती जवळची वाटत. तीही कोरायची. तिच्या ओळी जरा तिखट असत. 'आत सर्दीचं मलम सापडलं. मालकाचं नाक तपासा.'

त्या दिवशी सकाळी पुढून ग्रामोफोनचा आवाज आला आणि काजळीचा हात थांबला. कुणी बाई गात होती, आणि गाता गाता तिचा सूर खाली खाली चालला होता, जणू गाणारीला कुणी पायाला धरून विहिरीत ओढतंय.

"बघा," पुढे कुणीतरी म्हणत होतं. "तिसऱ्या कडव्यापर्यंत ही माझ्याहून म्हातारी होते. महिना झाला दुरुस्त करून. तुम्ही म्हणालात तबकडी वाकलीय. मी दुसरी आणली. तीही म्हातारी होते."

"ठेवून जा ना, नर्सबाई," धाकटा म्हणाला. "दोन दिवसांत बघून ठेवतो. तुम्ही कशाला उन्हात ताटकळताय."

काजळी हात पुसत पुढे आली. निवृत्त नर्सबाईंना तिने आधी पाहिलं नव्हतं, पण पेटीला ओळखलं. निळ्या कापडाची, कोपरा उसवलेली. महिन्यापूर्वी यातली मोटर तिने तीन दिवस खपून केली होती. दोन कमानींची, दणकट. एका चावीत तबकडीच्या दोन्ही बाजू वाजवून वर दम उरणारी.

"ताई, मी बघतो," धाकटा म्हणाला.

"तू कधी काय बघितलंयस?" काजळीने पेटी उचलली आणि मागे नेली. धाकटा मागोमाग आला. रुमाल लावायलाही विसरला, तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली.

तिने मोटर उरलीसुरली फिरून थांबू दिली, खटका उचलून हँडल हळूहळू उलटं सोडलं, कमान पुरती ढिली केली. मग फळी काढली. मोटर बाहेरून लख्ख पुसलेली होती. इतकी लख्ख ती स्वतः कधी पुसत नसे. डबी एकच, म्हणजे कमानही एकच. झाकण उघडलं आणि वास आला तशी तिने मान फिरवली. पिवळं, ट्रकच्या चाकाचं ग्रीस, त्याखाली जुनं काळं तसंच, आणि मध्ये कमान, तुटलेली, टोक कापून नवं भोक पाडलेली, म्हणून आखूड. झाकणाच्या आत काहीच कोरलेलं नव्हतं. हे काम करणाऱ्याला पुढे कुणाला काही सांगायचं नव्हतं.

"ही माझी नाही," ती म्हणाली.

धाकट्याने दाराकडे बघितलं. "हळू बोल."

"कुठाय माझी?"

"ताई, तू समजून घे. पितळ्याला चांगल्या मोटरी लागतात. त्याच्याकडे खराब पडून असतात. गिऱ्हाईकाला काय, वाजल्याशी मतलब. महिन्यातून एकदा लावतात, धूळ पुसतात, पाहुण्यांना दाखवतात. कुणाला फरक कळतोय?"

पितळ्या म्हणजे मोठ्या रस्त्यावरचा जुन्या वस्तूंचा व्यापारी. जुन्या म्हणजे मागच्या आठवड्यात केलेल्या. त्याच्या गोदामात नव्या पितळेच्या भोंग्यांवर आम्लाचा बोळा फिरवून त्यांना डाग पाडत, नव्या फळ्यांना चहाच्या पाण्यात भिजवून म्हातारं करत, आणि त्या खोक्यात कुठल्यातरी खऱ्या यंत्रातून उपटलेली मोटर बसवून शंभर वर्षांचा ग्रामोफोन म्हणून विकत. काजळी त्या दुकानावरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून जायची. आणि आता कळत होतं की त्या भोंग्यांच्या खाली बसलेला जीव तिच्याच टेबलावरून गेला होता. तिने धुतलेला, घासलेला, तिच्या अंगठ्याचं कातडं घेऊन गेलेला.

"किती दिल्यास?"

"असतील दहा-बारा."

"आणि नर्सबाईंची?"

"ती समोरच मांडलीय त्याने. हॉटेलवाला आज दुपारी न्यायला येणार आहे." मग घाईने, "ताई, झालं ते झालं. तू हीच नीट करून दे ना. तुझ्या हाताला काय अशक्य आहे?"

तेवढं गोड बोलणं राहिलंच होतं. काजळीने त्याच्याकडे असं बघितलं, जसं ती डबीतून निघालेल्या झुरळाकडे बघायची, आणि पुढे गेली.

"नर्सबाई, तुमची मोटर यात नाहीये. आमच्याच दुकानातून ती काढली गेली आणि विकली गेली. आणायला जाते."

नर्सबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या मागे उभ्या धाकट्याकडे. आयुष्यभर रुग्णांना खोटं बोलताना पकडलेल्या बाई त्या. त्यांनी काउंटरसमोरचं स्टूल ओढलं.

"जा तुम्ही. मी इथे बसते. यांच्यावर लक्ष ठेवते."

पितळ्याच्या दुकानात थंडगार हवा होती आणि अत्तराचा फवारा. काजळी रॉकेलच्या वासासकट आत शिरली. समोर टेबलावर अष्टकोनी पेटी, वर कमळासारखा भोंगा, आणि त्याच्यासमोर हॉटेलवाला, हाताची घडी घालून. पितळ्या हँडल फिरवत होता, पुरती चावी देत होता.

"या ताई," तो म्हणाला. तिला ओळखत होता, म्हणून जरा जास्तच गोड. "साहेब, या आमच्या कारागीर. मोटरचं काम यांच्याकडेच असतं."

"हे खोकं मागच्या महिन्याचं आहे," काजळी हॉटेलवाल्याला म्हणाली. "आणि यातली मोटर एका नर्सबाईंची आहे. माझ्या दुकानातून चोरलेली. मी ती न्यायला आलेय."

पितळ्या हसला. "ताईंचं डोकं जरा तापट आहे. काय पुरावा आहे हो तुमच्याकडे? मोटरी सगळ्या सारख्याच."

"उघडा. डबीच्या झाकणाआत माझी ओळ आहे."

"उघडा," हॉटेलवालाही म्हणाला. त्याने अजून काही मोजून दिलं नव्हतं, त्यामुळे त्याच्या आवाजात हुकूम होता.

पितळ्याने आतल्या सुताराला हाक मारली. सुतार स्क्रूड्रायव्हर घेऊन आला, पेटी आडवी केली आणि सरळ गव्हर्नरच्या स्क्रूला हात घातला. गव्हर्नर म्हणजे शिशाच्या तीन गोळ्यांची ती छोटी फिरकी, जी मोटरला आवरून धरते. पूर्ण चावी दिलेल्या मोटरची ती फिरकी काढली, की आत कोंबलेलं सगळं बळ एका दमात सुटतं, चाकं भिंगरीसारखी पळतात आणि सगळे दाते पिठासारखे झडतात. बोट मध्ये असलं तर बोटही.

काजळीने त्याच्या मनगटावर हात ठेवला. "सुतार आहेस ना? लाकडाला हात लाव."

"मग उघडायचं कसं?" पितळ्या म्हणाला.

"आधी मोकळी करायची. तबकडी लाव."

"एवढा वेळ कुणाला आहे, ताई."

"मोटरला आहे."

तर मग लागली तबकडी. सगळे उभे राहिले आणि ऐकू लागले, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. पहिली बाजू संपली. काजळीने तबकडी उलटी केली, चावीला हात लावला नाही. दुसरी बाजू सुरू झाली. सूर तसूभर हलला नाही. हॉटेलवाला आधी घड्याळ बघत होता, मग बघेनासा झाला. पितळ्या त्या थंड हवेत कपाळ पुसत होता. दुसरी बाजूही संपली आणि चकती फिरतच राहिली. पितळ्याने हात पुढे केला, तशी काजळी म्हणाली, "लावू नका. तिचा दम तिला संपवू दे."

थांबली तेव्हा तिने खटका उचलला, हँडल उलटं सोडलं, चार स्क्रू काढले, मोटर हातात घेतली. डबीचं झाकण काढलं. आतलं ग्रीस काळंभोर, पण ताजं, तिने स्वतः ग्राफाइट घालून कालवलेलं. चिंधीने झाकण पुसलं आणि हॉटेलवाल्याच्या हातात दिलं.

त्याने ते उजेडाकडे धरलं आणि मोठ्याने वाचलं. "'दोन्ही कमानी धुतल्या. आत झुरळाची अंडी. मालकीण म्हणे नर्स आहे.'" मग साल. तो पितळ्याकडे वळला. "तुम्ही म्हणालात हा एका संगीतप्रेमी जमीनदाराच्या दिवाणखान्यातला आहे."

"जमीनदारांकडे नर्स असू शकते," पितळ्या म्हणाला. त्याचं कौतुक करावं तेवढं थोडंच.

हॉटेलवाला निघून गेला. पितळ्याचं गोड बोलणंही त्याच्यामागोमाग गेलं. "घेऊन जा ते लोखंड. आणि भावाला सांग, आता माझ्याकडे तोंड घेऊन यायचं नाही. मी काय त्याच्या घरात शिरलो होतो? तोच यायचा, पिशवी घेऊन. हात धुवायला साबण मागायचा."

शेवटचं वाक्य काजळीला सगळ्यात लागलं. एवढ्या स्वच्छ मोटरी न्यायच्या, आणि वर साबण मागायचा.

दुकानात परतली तेव्हा नर्सबाई स्टुलावर तशाच बसल्या होत्या आणि धाकटा काउंटरमागे, शाळेत उभं केलेल्या पोरासारखा. मधल्या वेळात त्याने दोनदा चहा विचारला होता आणि दोनदा नकार मिळाला होता. काजळीने मोटर बसवायला मागे नेली, तर नर्सबाई उठून आत आल्या. नाकाला काही न लावता आल्या. झाकण टेबलावर उघडं पडलं होतं. काजळीने ते झाकायला हात नेला, पण उशीर झाला होता.

नर्सबाईंनी ओळ वाचली. एकदा, आणि चष्मा पुसून पुन्हा एकदा.

"मालकीण म्हणे नर्स आहे," त्या म्हणाल्या.

काजळीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. माफी मागायची सवय नव्हती, आणि अंडी तर खरंच होती.

"ते पुढच्या कारागिरासाठी असतं," ती म्हणाली. "मालकाने वाचायचं नसतं."

"कळलं. आम्हीही लिहायचो रुग्णाच्या कागदावर. रुग्णाला कळणार नाही असं." त्यांनी झाकण खाली ठेवलं. "पेटी चार वर्षं माळ्यावर होती. मी बघायला हवं होतं." मग पेटीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुमचं काम चांगलं आहे. पण मी पुन्हा या दुकानात पाऊल ठेवणार नाही."

"ठेवू नका," काजळी म्हणाली. "मीही ठेवलं नसतं."

पेटी घेऊन त्या गेल्यावर धाकट्याला कंठ फुटला. "झालं समाधान? पितळ्या गेला, गिऱ्हाईक गेलं. आता काय रॉकेल पिऊन जगायचं?"

"वही घे."

"कशाला?"

"ज्यांच्या ज्यांच्या मोटरी गेल्या त्यांची घरं लिही. प्रत्येकाला जाऊन सांगणार आहे. खराब घातलेल्या आणून नीट करणार."

"ताई, दुकान बुडेल."

"बुडालंय. लोकांना कळायचं राहिलंय, ते मी कळवते. आणि उद्यापासून तू मागे बसायचं. डब्या धुवायला."

धाकट्याने आपल्या हातांकडे बघितलं, जणू कुणी ते कापून मागितले होते. पण वही घेतली. अक्षर सुरेख होतं त्याचं, मोत्यासारखं. त्या सुरेख अक्षरात त्याने अकरा घरं लिहिली, आणि काजळीला ते बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नर्सबाईंचं घर सोडून यादीतल्या पुढच्या घरी गेली. तिसरा मजला, अंधारा जिना, दारात एक म्हातारा शिंपी, गळ्यात मापाची फीत. खोलीभर कापडाच्या चिंध्या आणि कोपऱ्यात त्याचा ग्रामोफोन. काजळीने एका दमात सगळं सांगितलं. चोरी, भाऊ, पितळ्या. ती शिव्या खायच्या तयारीत उभी राहिली.

"पण चांगला चालतोय की," शिंपीकाका म्हणाले.

"चांगला नाही चालत. कमान आखूड आहे. अर्ध्यात धापा टाकत असेल."

"टाकतो की. मीही टाकतो. मग उठतो, पुन्हा चावी देतो. तेवढाच व्यायाम."

"आणि धप्प असा आवाज?"

"येतो मधूनमधून. मला वाटलं वरच्या मजल्यावरची पोरं उड्या मारतात. एकदा जाऊन ओरडूनही आलो."

काजळीने डोळे मिटले. ज्याच्यासाठी ती दुकान बुडवायला निघाली होती, त्याला आपली लूट झाल्याचा पत्ताच नव्हता, आणि कळल्यावरही पर्वा नव्हती. धाकट्याचं म्हणणं अगदी खरं निघालं होतं. कुणाला फरक कळतोय? तिला त्या खऱ्याचीच किळस आली. तिने पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि पेटीजवळ बसली.

"अगं पोरी, मी तक्रार केलेलीच नाही."

"मी केलीय," काजळी म्हणाली. तिने कमान मोकळी केली, फळी उचलली. तेच पिवळं ग्रीस, तोच वास. शिंपीकाका वाकून बघायला आले आणि झटकन मागे सरकले.

"हे माझ्या घरात होतं?"

"हो. चार दिवसांनी चांगली करून आणते."

"मग चार दिवस मी ऐकू काय?"

"रेडिओ ऐका."

"रेडिओ," म्हातारा म्हणाला, आणि त्याने कडू गोळी जिभेवर विरघळल्यासारखं तोंड वाकडं केलं.

दोन दिवसांत पहिल्यांदाच काजळीला कुणाचंतरी तोंड आवडलं. तिने मोटर चिंधीत गुंडाळली, पिशवीत घातली आणि उठता उठता म्हणाली, "दोन दिवसांत आणते."